मंडळाचे दप्तर आणि ई-मेल
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



"ई-मेलवर दहा मिनिटे बोला," असे कार्यकारिणीने सांगितले. मी संगणकतज्ज्ञ नव्हे, बँकेतला कारकून. पण आवक-जावक रजिस्टरची किंमत मला कळते, आणि विषय मुळात तोच आहे.

गेल्या वर्षी मराठी वर्गांतील शिक्षकांच्या रिक्त जागांबद्दल आपण माहिती अधिकाराखाली अर्ज केला होता. उत्तर आले, तेही वेळेत. पण ते गेले एका माजी पदाधिकाऱ्यांच्या खाजगी पत्त्यावर. ते त्यांच्या संगणकात उतरले, आणि पुढे हार्ड डिस्कच गेली. आपण चौकशीला गेलो तेव्हा कळले की उत्तर पाठवून चाळीस दिवस झाले. २००५ च्या कायद्याप्रमाणे पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचे असते. उशिराचे सबळ कारण दाखवले तर पुढेही घेतात, पण "संगणक बिघडला" असे लिहिताना मलाच लाज वाटली. दोष आपलाच.

१९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथेच राहिलो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब आले. पहिल्यात अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय, दुसऱ्यात त्यावर देखरेखीसाठी विशेष अधिकारी. आता त्या अधिकाऱ्याकडे तक्रार न्यायची तर कोणाला, कधी लिहिले आणि काय उत्तर आले, हे कागदावर दाखवावे लागते. तोंडी कैफियत कोण ऐकणार?

म्हणून पहिली गोष्ट, मंडळाच्या नावाने स्वतंत्र खाते. माझे नव्हे, चिटणिसांचे नव्हे, मंडळाचे. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे, आणि कार्यकारिणी बदलली की पासवर्डही बदलायचा. खाते गूगलचे घेतले तर लक्षात असू द्या, दोन वर्षे कोणी उघडलेच नाही तर ते बंद करून आतले सगळे पुसले जाऊ शकते.

दुसरी, कार्यालयातल्या संगणकावर थंडरबर्ड. हा कार्यक्रम फुकट मिळतो. नाव आणि पत्ता भरला की तो विचारतो, आयमॅप की पॉप? इथेच घोटाळा होतो. पॉप म्हणजे टपाल कचेरीतून पत्र घरी आणणे; तिथली प्रत काही दिवसांनी पुसली जाऊ शकते, मग घरचा संगणक गेला की सगळे गेले. आपले तेच झाले. आयमॅपमध्ये पत्र सर्व्हरवरच राहते आणि कोणत्याही संगणकावरून दिसते. आयमॅपच निवडा. मात्र एका ठिकाणी खोडले की सगळीकडून जाते, म्हणून दरवर्षी मार्चअखेर 'लोकल फोल्डर्स'मध्ये एक प्रत उतरवून ती पेन ड्राइव्हवरही ठेवावी. बँकेची सवय, दुसरे काय!

आता फोल्डर. आपल्या पणजोबांच्या घरी मोडीचे कागद रुमालात बांधलेले असत, एका प्रकरणाचा एक रुमाल. फोल्डर म्हणजे तोच रुमाल. खात्याच्या नावावर माऊसची उजवी कळ दाबून 'न्यू फोल्डर' घ्या; नाव देवनागरीत चालते. माझ्या मते चार पुरेत: शाळा, माहिती अधिकार, शासन, सभासद. वीस केलेत तर कुठे काय ठेवले तेच सापडणार नाही. 'मेसेज फिल्टर्स'मध्ये ठराविक पत्त्याचे पत्र आपोआप त्या त्या फोल्डरात जाईल असा नियम लावता येतो, पण सरकारी पत्रांना तो लावू नका. ती समोर इनबॉक्समध्येच दिसायला हवीत. वाचून, आवक नोंद करून, मग हलवावीत.

ज्यांच्या खाजगी खात्यात मंडळाची जुनी पत्रे आहेत, त्यांनी ती नव्या पत्त्यावर 'फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट' करून पाठवावीत, म्हणजे मूळ तारीख आणि पाठवणाऱ्याचा पत्ता शाबूत राहील. येत्या रविवारी दहा वाजता मी कार्यालयात बसणार आहे. ज्यांना जमत नसेल त्यांनी यावे.