नवशिक्याने कोणते एन्का म्हणावे?



व्याख्यानमालेत जपानी गाण्याचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु ज्या गीतप्रकाराविषयी मी बोलणार आहे, त्याचा जन्मच मुळी व्याख्यानातून झाला आहे. १८८०च्या दशकात जपानमध्ये लोकहक्कांची चळवळ उभी राहिली. सरकार सभा बंद पाडू लागले, तेव्हा तरुणांनी आपली भाषणे गाण्यात बांधली आणि ती रस्त्यावर उभे राहून म्हटली. भाषणाला जपानीत ‘एन्झेत्सु’ म्हणतात; त्यातला ‘एन’ आणि गीतवाचक ‘का’ मिळून ‘एन्का’ झाले. पुढे राजकारण गळाले. आज ज्याला एन्का म्हणतात ते १९६०च्या दशकात रूढ झालेले विरहाचे, बंदरांचे, पावसाचे आणि गावच्या आठवणींचे गाणे होय. तरी जन्मखूण गेली नाही. या गाण्यात शब्द आधी येतो आणि गळ्याची कसरत मागाहून.

आपल्याकडचे, विशेषतः पुण्यात जपानी शिकलेले, पुष्कळ तरुण आज तिकडे नोकरीस जातात. संध्याकाळी कचेरीतील मंडळी त्यांना काराओकेला नेतात. ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे संक्षिप्त रूप. म्हणजे गायकाची जागा मोकळी ठेवलेला वाद्यमेळ. कोबे शहरातील दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली असे यंत्र चालू केले आणि त्याचे पेटंटही घेतले नाही. ध्वनिक्षेपक हाती आला की आपला तरुण सर्वांत प्रसिद्ध गाणे निवडतो, आणि तेथेच घात होतो. हिबारी मिसोरा यांचे १९८९चे ‘कावा नो नागारे नो यो नि’ खालच्या स्वरांत, बोलल्यासारखे सुरू होते. नवशिका निश्चिंत होतो; मग ध्रुपदाशी आवाज वर चढवावा लागतो आणि गळा तेथे पोचत नाही.

म्हणून पहिली कसोटी ही, की गाण्याचा आरंभ पाहू नये, त्यातील सर्वांत उंच स्वर पाहावा. तो सहज लागत नसेल तर यंत्रावर पट्टी अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरविता येते. त्यात कमीपणा नाही. जपानी माणसेही तेच करतात.

दुसरी कसोटी स्वरांची. पुष्कळशा एन्कांत सप्तकातील चौथा आणि सातवा स्वर गाळलेला असतो. शुद्ध स्वरांचे सप्तक घेऊन असे केले की उरतो तो आपल्या भूपाचाच स्वरसमूह. दुसऱ्या प्रकारात गंधार आणि धैवत कोमल होतात. शिवरंजनीचा धैवत उतरविला म्हणजे ती छाया कळेल. आपल्या कानाला पहिला प्रकार लवकर वश होतो. ‘कोबुशी’ नावाची, आपल्या मुरकीच्या जातीची हरकत मात्र नवशिक्याने सोडून द्यावी. सरळ लावलेला स्वर कुणाला खटकत नाही, उसनी मुरकी खटकते.

तिसरी कसोटी शब्दांची, आणि तीच मुख्य. जपानीत स्वर लांबला की अर्थ पालटतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी! ज्याचा प्रत्येक शब्द समजला आहे तेच गाणे घ्यावे.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारे गाणे म्हणजे मासाओ सेन यांनी १९७७ साली गायिलेले, मिनोरू एन्दो यांच्या चालीचे ‘किताग्नुनि’ नव्हे, नीट उच्चारावे, ‘कितागुनि नो हारु’, म्हणजे उत्तरेकडचा वसंत. चाल सरळ, शब्द घरगुती. शहरात राहणाऱ्या मुलाला आईचे पुडके येते आणि गावी परतावे की काय, असे त्याला वाटू लागते. यामागे इतिहास आहे. १९५०च्या दशकापासून पुढे दोन दशके ईशान्य जपानातील पंधरा-सोळा वर्षांची मुले शाळा संपताच खास आगगाड्यांनी तोक्योच्या उएनो स्थानकावर उतरत आणि कारखान्यांत व दुकानांत कामाला लागत. आपण गाता तेव्हा त्यांतलाच कुणी पिकल्या केसांचा माणूस समोर बसलेला असू शकेल. त्याला आपली तयारी नको असते. आपण त्याच्या गावाची थट्टा करीत नाही एवढे त्याला कळले पाहिजे.

त्यानंतर साबुरो किताजिमा यांचे १९७८चे ‘योसाकु’ घ्यावे. लाकूडतोड्याचे हे गाणे. शब्द थोडे, पुनरुक्ती पुष्कळ, मात्र दम हवा. उडती लय आवडत असेल तर ताकाशी होसोकावा यांचे १९८२चे ‘किता नो साकाबा’ आहे. पट्टी मात्र उतरवावी.

एक शिष्टाचारही सांगतो. प्रत्येकाच्या ठेवणीतल्या गाण्याला जपानीत ‘जूहाचिबान’, म्हणजे ‘अठरावे’ म्हणतात. वडीलधाऱ्याचे ‘अठरावे’ आपण आधी म्हणून टाकू नये. तेवढ्यासाठी दोन गाणी तयार असावीत.

परक्याला हे साधेल काय? दिल्लीचे सरबजितसिंग चढ्ढा यांनी १९७०च्या दशकात जपानात एन्का गाऊन नाव मिळविले. अमेरिकेतील पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय तरुण जेरो आपल्या जपानी आजीकडून ही गाणी शिकला आणि २००८ साली त्याची पहिली तबकडी निघाली. आजीचे शब्द त्याला कळत होते, म्हणून लोकांनी त्याला आपला म्हटले. आपणही आधी शब्द कळून घ्यावेत, मग गावे.