मातीच्या वड्या आणि मोडीचे कागद



आज आम्ही कीलाकार लिपीविषयी थोडे बोलणार आहोत. बाबिलोनचे लोक ओल्या मातीच्या वड्यांवर बोरू दाबून खिळ्यासारख्या खुणा उमटवीत. त्यांची भाषा अक्कादी. इराकातील त्या विद्येशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. कार्स्टेन नीबुर हा प्रवासी १७६४ च्या अखेरीस मुंबईहून निघाला आणि पुढच्या वर्षी त्याने इराणातील पर्सेपोलिसचे लेख उतरून घेतले. अशा नकलांवरून १८०२ साली ग्रोटेफेंड ह्या जर्मन शाळामास्तराने प्राचीन इराणी राजांची नावे ओळखली. १८२७ साली कंपनीच्या नोकरीस मुंबईत आलेल्या रॉलिन्सनने पुढे बेहिस्तूनचा तीन भाषांतील शिलालेख उतरला. त्यातील एक भाषा अक्कादी. १८५७ साली चार विद्वानांनी परस्परांस न दाखविता एकाच लेखाची भाषांतरे केली. ती पुष्कळशी जुळली, आणि वाचन खरे ठरले.

ह्या लिपीत सुमारे सहाशे खुणा आहेत. काही केवळ उच्चार सांगतात: क, अल्, बु, उम् मिळून 'कल्बुम्', म्हणजे कुत्रा. काही अख्खा शब्द सांगतात. ५ हा आकडा आपण पाच वाचतो, पोर्तुगीज शिकलेला सिंकु वाचतो. तसेच सुमेरी लोकांचे घराचे चिन्ह अक्कादी माणूस 'बीतुम्' वाची. अरबी शिकलेल्यास येथे ओळखीचे चेहरे भेटतात: कल्ब, बैत, उम्म, लिसान. दोन्ही भाषा एकाच कुळातील.

ह्यातून बोध इतकाच की लिहिलेले उरते, पण वाचणारा संपला म्हणजे ते मुके होते. मग ते बोलके करण्यास पिढ्यांचे श्रम लागतात.

आपल्या डिचोली-पेडण्याच्या कित्येक घरांत जमिनीचे व देण्याघेण्याचे मोडी कागद बासनात बांधलेले आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. म्हणून ती अवघड वाटते. पण तिला शिलालेख शोधावा लागत नाही. भाषा आपलीच आहे, आणि ती वाचणारे वडीलधारे अजून हयात आहेत. आज आहेत, हे ध्यानी घ्यावे.

म्हणून विश्वस्तांस आमची विनंती आहे की ह्या महोत्सवाच्या निधीतून दर रविवारी एक तास मोडीचा वर्ग चालवावा. मंडळींनी घरचा एकेक कागद आणावा. त्यास डिंक वा चिकटपट्टी लावू नये. मुले तो वाचतील, देवनागरीत नक्कल करतील आणि मूळ कागद घरी परत जाईल. शिकविण्यास आम्ही हजर आहोत.