पाणी उपसणारीं यंत्रें व आपलें कर्तव्य

(दुष्काळनिवारण समितीच्या साधारण सभेंत झालेलें भाषण)



आम्ही वकिली पेशाचे. यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. तथापि समितीच्या कामानिमित्त आम्हांस पंपांचा जो परिचय घडला, व त्यांत आमच्या हातून जी चूक झाली, ती आपणांपुढें मांडणें आमचें कर्तव्य आहे. कारण त्यांत खर्ची पडलेला पैसा आपला होता.

प्रथम या यंत्राची योग्यता पाहूं. इ. स. १७१२ मध्यें इंग्लंडांत न्यूकोमेन याचें वाफेचें यंत्र चालूं झालें, तें सूत कातण्यासाठीं किंवा गाडी ओढण्यासाठीं नव्हे, तर कोळशाच्या खाणींतील पाणी उपसण्यासाठीं. पंपावांचून ज्याचें चालतें असा धंदा आज क्वचितच सांपडेल. कापडाच्या गिरणींत तो बॉयलरला पाणी पुरवितो व रंगखात्यांत रंगाचें पाणी खेळवितो. साखर कारखान्यांत तो उंसाचा रस व पाक वाहून नेतो. मळी मात्र दाट, म्हणून तिला दात्यांच्या चक्रांचा निराळा पंप लागतो. रसायनांच्या कारखान्यांत तेजाब लोखंड खातें, म्हणून तेथें कांहीं पंपांस आंतून रबराचें अस्तर देतात. बंदरांत सुकी गोदी रिकामी करणें, आग लागली असतां पाण्याचा झोत माडीवर पोंचविणें, हींही त्याचींच कामें. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडलनजीकच्या ओसाड माळावर, आपला कारखाना वसविला. तेथें लोखंडी नांगरांमागून १९२६ च्या सुमारास पंपही तयार होऊं लागले.

आतां आमची चूक. एका गांवीं सुमारें ४५ फूट खोल अशी एक विहीर होती. कार्तिकांत पाणी १८ फुटांवर होतें. आम्हीं विहिरीच्या कांठावर पंप बसविला, नारळ फोडला, आणि गांवकऱ्यांचे आभार स्वीकारून परतलों. चैत्रांत पाणी ३२ फुटांवर गेलें व पंप कोरडाच फिरूं लागला. बायाबापड्यांनीं पुन्हा दोर व घागर हातीं घेतली. आम्हीं पंप बसविणाऱ्यास दोष देऊं लागलों, तेव्हां त्यानें एकच प्रश्न केला, “वैशाखांत पाणी कोठें असतें, हें आपणांपैकीं कोणी विचारलें होतें काय?” आम्ही निरुत्तर झालों.

पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों. वस्तुतः हवेचा दाब पाणी नळांतून वर ढकलीत असतो. हा दाब फार तर ३४ फुटांपर्यंत पाणी चढवूं शकतो, आणि व्यवहारांत २२ ते २५ फुटांपलीकडे त्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं. पंपापासून पुढें पाणी कितीही उंच ढकलतां येईल. पण पंपापर्यंत तें आलें पाहिजे. म्हणून विहिरींत खालीं ओटा बांधून आम्हीं पंप त्यावर उतरविला व पाणी आलें.

परंतु शिक्षा अद्याप संपली नव्हती. पाणी सुटलें तसें लोक दिवसभर पंप चालवूं लागले. उरलेलें पाणी शेजारच्या बागेंत गेलें, आणि आठ दिवसांत विहिरीचा तळ दिसला. मोटेच्या काळीं बैलांचा दमच उपशावर मर्यादा घालीत असे. यंत्रास दम लागत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? पुढें गांवानेंच नियम केला कीं, पंप सकाळीं व सायंकाळीं अर्धा अर्धा तास चालावा. आम्हीं गाळ काढून दिला. ती विहीर पाऊस येईपर्यंत पुरली.

हा एक तास थोडा समजूं नये. ५ अश्वशक्तीचा पंप, निम्मी शक्ति वाया गेली असें धरलें तरी, ६० फूट उंचीवर ताशीं ३०,००० लिटर पाणी चढवितो. माणशीं २० लिटर धरल्यास १,५०० वस्तीच्या गांवाची एका दिवसाची गरज तेवढ्यांत भागते. याउलट जवळचें पाणी संपल्यावर काय होतें, हें २०१६ च्या एप्रिलांत आपण पाहिलें: मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, आणि पहिल्या गाडीच्या १० डब्यांतून आलें तें अवघें ५ लाख लिटर.

म्हणून आमची विनंति त्रिविध आहे. ज्यांचे कारखाने उन्हाळ्यांत बंद असतात, त्यांनीं आपले रिकामे पंप, व ते जाणणारा एक कारागीर, पाऊस पडेपर्यंत समितीस उसने द्यावेत. व्यापारी मंडळींनीं नळ, इंधन व गाळ काढण्याची मजुरी यांसाठीं द्रव्य द्यावें. केवळ पंप देणें म्हणजे बैलांवांचून गाडी देणें होय. आणि जमीनदार बंधूंनीं, ज्यांच्या विहिरी गांवच्या विहिरीस लागून आहेत त्यांनीं, पिण्याचें पाणी पुरेपर्यंत आपला उपसा आवरावा. हें शेवटचें दान पावतीबुकांत लिहिलें जाणार नाहीं. परंतु त्यावांचून बाकीचीं दोन्हीं फुकट जातील.

समितीच्या वतीनें आम्ही इतकेंच वचन देतों कीं, यापुढें वैशाखांतील पाण्याची पातळी विचारल्यावांचून आपल्या पैशाचा एकही पंप आम्ही बसविणार नाहीं.