निशाणी बांगडीची



जुन्या कागदांवर मला चार शब्द सांगावयाचे आहेत. हा विषय बायकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण माळवदाच्या घरात खुंटीला टांगलेला कागदांचा रुमाल दिवाळीच्या आवराआवरीत ठेवायचा की चुलीत घालायचा, हे आपणच ठरवतो ना?

अमेरिकेत लिंकनसारख्या पुढाऱ्याच्या सहीचा एकेक कागद लोक मोठी किंमत देऊन जमवतात. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून पत्रे, सनदा, महजर मिळवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यातही ते पुढे होते. १९२६ साली ते धुळ्यास वारले. त्यांना जे मिळाले, ते कोणीतरी घरात जपले होते म्हणूनच.

आपल्या जुन्या कागदांवर सही क्वचितच दिसते. शिवछत्रपतींच्या पत्रावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. गावच्या करारावर कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर', आणि बाईच्या नावापुढे 'निशाणी बांगडी'. लिहिता न येणाऱ्या किती बायकांची एवढीच खूण मागे उरली असेल!

लिहिता येणारीचेही तसेच. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ ची तीन पत्रे उरली, म्हणून दुष्काळात त्यांनी काय पाहिले, काय केले, हे त्यांच्याच शब्दांत आपल्याला कळते. ती पत्रे कोणी बंबात घातली असती तर?

तेव्हा भगिनींनो, मोडी वाचता येत नाही म्हणून कागद रद्दीत देऊ नका. चिकटपट्टी लावू नका, डिंकाने जोडू नका. घडी हलक्या हाताने उलगडा, स्वच्छ सुती फडक्यात बांधून ओल नसेल तेथे ठेवा. मोडी जाणणाऱ्याला दाखवा, पण आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कागद कोणाला दिलाच, तर पोच घ्या.

कदाचित आपल्याच एखाद्या पणजीची बांगडी त्या रुमालात असेल. ती चुलीत जाऊ नये, एवढेच माझे मागणे.