माइक सुरू होताच आवाज का बसतो?

लिनक्सवर वायरलेस हेडफोन जोडले, गाणं सुरेख वाजलं, आणि ऑनलाइन मीटिंग सुरू होताच समोरच्याचा आवाज बसला, अशी तक्रार नेहमी कानावर येते. खापर फुटतं ते लिनक्सच्या माथ्यावर. हा बराचसा अन्याय आहे.

ब्लूटूथवरून आवाज नेण्याच्या दोन रूढ वाटा आहेत. ए-टू-डीपी ही संगीताची वाट. तिच्यात डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज मिळतो, पण तो संगणकाकडून हेडफोनकडे, एकाच दिशेने जातो. माइकला तिथे जागाच नाही. दुसरी एचएफपी, ही फोनवर बोलण्यासाठी आखलेली. ती दोन्ही दिशांनी चालते, मात्र आवाजाचे नमुने फार कमी घेते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. एचएफपीच्या जुन्या पद्धतीत ते ८,००० असतात, म्हणजे डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजइतकेच, आणि सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. मीटिंगने हेडफोनचा माइक मागितला की संगणकाला पहिली वाट सोडून दुसरी धरावी लागते. विंडोजवरही हेच घडतं. उपाय साधा आहे: सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच माइक निवडायचा.

मग लिनक्सचं काही चुकलंच नाही का? चुकलं. लिनक्समध्ये ब्लूटूथ सांभाळणारा ब्लूझ हा एक प्रकल्प आणि आवाज वाटून देणारा सर्व्हर हा दुसरा. डिसेंबर २०१२मध्ये ब्लूझची पाचवी मालिका आली आणि तिने आवाजाचं बरंचसं काम सर्व्हरवर सोपवलं. त्या वेळचा सर्व्हर, पल्सऑडिओ, तयार नव्हता. २०१४च्या ५.० आवृत्तीत संगीत वाजू लागलं, पण हेडसेटच्या माइकसाठी आणखी थांबावं लागलं. वापरणाऱ्यांनी या काळात सोसलेला मनस्ताप खरा होता.

चित्र पालटलं ते पाइपवायरमुळे. रेड हॅटमधले विम टायमन्स यांनी सुरू केलेला हा सर्व्हर एप्रिल २०२१मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३४व्या आवृत्तीत पल्सऑडिओच्या जागी आला. एलडॅकसारखे उंची कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवण्याच्या पद्धती, तो हाताळतो आणि माइकची मागणी आली की वाट आपोआप बदलण्याची सोयही त्याच्याबरोबर मिळते. कुणाही कंपनीचं बंधन नसलेल्या संगणकावर इतकं चांगलं ऐकू यावं, ही मोठीच कमाई आहे.

जोडणीतच अडलं तर आधी फर्मवेअर, म्हणजे ब्लूटूथच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर, आहे का ते पाहावं. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२२मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअरही इन्स्टॉलरबरोबर द्यायचं ठरवलं, ते अशाच अडचणींमुळे. हेडफोन आधीच फोनला चिकटले असतील तर फोनचं ब्लूटूथ बंद करावं. दर वेळी नव्याने जोडावं लागत असेल तर टर्मिनलमध्ये ब्लूटूथसीटीएल ही आज्ञा उघडून त्या हेडफोनला ‘ट्रस्ट’ द्यावा.

एवढं करूनही बिघाड राहिला, तर तो पाइपवायरच्या किंवा ब्लूझच्या तक्रारनोंदीत जरूर लिहा. हेडफोनचं मॉडेल, आवृत्ती आणि त्या क्षणी कोणती वाट सुरू होती, एवढं त्यात असू द्या.