बटण कोणी दाबायचं?

मंडळी, अंबाजोगाईत 1974 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे कानातला मळ, कान फुटणं, पडद्याचं ऑपरेशन हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. फाटलेला पडदा दिसतो, दुरुस्तही करता येतो. आज बोलायचंय ते त्याच्या पलीकडच्या, बॅटरी मारूनही न दिसणाऱ्या कानाबद्दल.

पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं. रिकीब म्हणजे अंगातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. ते एका इवल्याशा खिडकीवर धक्के देतं. खिडकीपलीकडे द्रवाने भरलेली, अडीच वेढ्यांची नळी आहे, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात साधारण 35 मिलिमीटर लांबीची पातळ पट्टी असते. आवाजाची लाट तिच्यावरून धावते आणि प्रत्येक सुराची लाट आपापल्या ठरल्या जागी उंचावून विरते. बारीक सूर खिडकीपाशी, खर्जातले पार टोकाला. हार्मोनियमच्या पट्ट्या गुंडाळून कानात बसवाव्यात, तशी ही रचना. बेकेशी या शास्त्रज्ञाने मृतांच्या कानात ही लाट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. 1961 चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

या पट्टीवर केसपेशी असतात. आतल्या ओळीत साडेतीन हजारांच्या आसपास, बाहेरच्या ओळींत बारा हजार. आतल्या पेशी मेंदूला खबर देतात, बाहेरच्या स्वतः आखडून-लांबून हलका आवाज मोठा करतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयानं मरतात, गोंगाटानं मरतात, काही अँटिबायोटिक इंजेक्शनांनीही मरतात. खिडकीजवळच्या बहुधा आधी जातात. म्हणून आजोबा म्हणतात, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' स, त, फ यांसारख्या वर्णांचे बारीक सूर हरवलेले असतात, आणि 'सात'चं 'आठ' होतं. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. हा आरोप मला फार अन्यायाचा वाटतो.

तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री. बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत एकेक सूर हळू करत न्यायचा आणि कुठवर ऐकू येतो ते कागदावर मांडायचं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या आलेखात 4000 च्या आसपास खड्डा पडलेला दिसतो. लोक मात्र विचारतात, 'किती टक्के बहिरा?' टक्के प्रमाणपत्रासाठी. उपचार ठरवायला हा आलेख लागतो.

पण सगळा भरवसा बटणावर. दाबायचंच नाही असं एखाद्यानं ठरवलं तर? दिव्यांग प्रमाणपत्रावर बदलीत सवलत घेतलेल्या बीड जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची फेरतपासणी आणि त्यातली निलंबनं आपण पेपरात वाचली आहेत. सगळी प्रकरणं कानाची नव्हती. पण कानाचं प्रमाणपत्र असेल तेव्हा बटणाबरोबर 'बेरा'ही करावी लागते. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवायच्या, कानात टिकटिक सोडायची आणि पहिल्या दहा मिलिसेकंदांत मेंदूच्या देठातून उमटणाऱ्या लहरी मोजायच्या. तिथे रुग्णाच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. अर्थात ही टिकटिक मुख्यतः बारीक सुरांचीच परीक्षा घेते. नुसत्या तिच्यावर निकाल देणं घाईचं.

लबाडासाठी वापरतो तेच यंत्र तान्ह्या बाळासाठी. त्यालाही बटण दाबता येत नाही. त्याच्यासाठी आधी ओएई. 1978 मध्ये लंडनच्या डेव्हिड केंप यांनी दाखवून दिलं की, निरोगी कान स्वतःही बारीकसा आवाज बाहेर टाकतो. ओएईत तोच टिपायचा. बाळ झोपलेलं असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत काम होतं. त्यात शंका आली तर बेरा.

नियम असा: एका महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र. आता हे आपल्या जिल्ह्याच्या पंचांगावर ठेवून पाहा. दसरा-दिवाळीला उचल घेतलेलं जोडपं ऊसतोडीच्या फडावर निघतं, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततं. निघण्याच्या तोंडावर जन्मलेल्या मुलाचे हे सहा महिने कोपीवरच सरतात. गावच्या आशाताईंच्या वहीत त्याचं नाव, मूल मात्र सांगलीकडे. त्यात आपल्याकडे मामा-आत्याकडची सोयरीक, म्हणजे जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढलेली. दुसऱ्या वर्षीही बोलत नाही म्हणून चौकशी केली तर शेजारीण म्हणते, 'बाप उशिराच बोलला होता.' माझ्या मते तपासणीची तारीख मुकादमाच्या गाडीआधीची हवी. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सुट्टी मिळण्याआधीच ओएई उरकावी.

यंत्र बसलं तरी काम संपत नाही. बाळाचा कान वाढतो, काही महिन्यांत यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो आणि यंत्र शिटी घालू लागतं. आई-बाप समजतात बिघडलं, आणि पेटीत ठेवून देतात. ती शिटी ऐकू आली की जिथे असाल तिथल्या ऑडिओलॉजिस्टकडून नवा साचा करून घ्या. पट्टा पडायची वाट पाहू नका.