पार्ट कोणता, आणि ठरवणार कोण?

(नायगाव, जि. नांदेड इथे बचतगटातल्या बायका आणि कॉलेजच्या मुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मी पोटगीवर किंवा रेशनकार्डावर बोलणार नाही. आजचा विषय आहे रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर. बायकांच्या बैठकीत हे कशाला, असं काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी इंजिनिअर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलेली कार्यकर्ती आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली एक मुलगी आपल्या गटात आहे, तिच्या शेजारी बसून मी हे शिकले.

ग्रामसभेआधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. पण त्या सभेतला माईक आणि भोंगा कुणाचा असतो? तो मागून आणावा लागतो. देणारा "आज बिघडलाय" म्हणाला की मागच्या रांगेतल्या बाईला काही ऐकू येत नाही, आणि पुढे बसणाऱ्या चारजणीच सभा उरकतात. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर आपणच करावा असं ठरलं. तो करताना सर्किट कसं निवडलं, पार्ट कसे निवडले, एवढंच आज सांगते.

त्याआधी एक गोष्ट. बायकांचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध नाही, हे खोटं आहे. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ हा निर्यात विभाग सुरू झाला. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत पार्ट जोडायच्या कामावर मोठ्या संख्येनं बायकाच होत्या. बायकांची बोटं नाजूक, त्या मान खाली घालून काम करतात, हे त्यामागचं मालकांचं गणित जगभर सारखंच होतं. हात बायकांचे, पण कोणता पार्ट कुठे आणि का बसवायचा हे ठरवणारं टेबल दुसऱ्याचं. त्या टेबलापर्यंत पोचलेल्या बायकाही आहेत. मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९४३ मध्ये ए. ललिता इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य आणि पदरात तान्ही मुलगी, एवढं सोसून त्या शिकायला गेल्या होत्या. आपल्या जिल्ह्यात आजही कमी वयात लग्नं होतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता कामाकडे येऊ. पुस्तकात सर्किटं शेकड्यानं मिळतात. आवडलं ते सर्किट उचलायचं आणि मग त्याचा उपयोग शोधायचा, ही उलटी रीत झाली. आपण आधी तीन प्रश्न वहीत लिहिले. किती जणींना ऐकू जायला हवं? वीज कुठून येणार? ऐकायचं आहे ते बोलणं की गाणं? उत्तरं अशी आली : समाजमंदिराच्या अंगणात बसलेल्या साठ बायका, यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची बॅटरी, आणि फक्त बोलणं. पुढचे सगळे निर्णय या तीन उत्तरांवरून झाले.

छोट्या अँप्लिफायरसाठी नवशिक्यांना नेहमी एलएम ३८६ हा आयसी सुचवतात. तो गुणी आहे. पार्ट कमी लागतात, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी चालते. पण त्यातून जेमतेम अर्धा-पाऊण वॅट मिळतो. खोलीला पुरेल, अंगणाला नाही. दुसरा होता टीडीए २००३. हा गाडीतल्या रेडिओसाठी बनवलेला, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी हे त्याचं घरच. त्याच्या माहितीपत्रकात १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे ६ वॅट दिले आहेत. आपण तो घेतला.

इथे एक हिशेब शिकून ठेवा. बॅटरीच्या व्होल्टचा वर्ग करायचा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या आठपटीनं भागायचं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४. स्पीकर ४ ओहमचा, आठपट ३२. १४४ भागिले ३२, उत्तर साडेचार वॅट. अशा एकेरी अँप्लिफायरची ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात अडीच-तीनच हाती येतात. दोन आयसी जोडीनं लावले तर ही मर्यादा चौपट होते, म्हणजे अठरा. मग बॅटरीवरच्या साध्या डब्यावर "५०० वॅट" असं चिकटवलेलं असेल, तर आत व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय आहे का, हे विचारायला हवं. नसेल तर तो आकडा जाहिरातीचा. चौथी-पाचवीचा भागाकार येणाऱ्या बाईला हे पकडता येतं. आणि तीन वॅट कमी वाटले तरी भोंगा साध्या पेटीपेक्षा तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी मोठा आवाज देतो. आपण ८ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले, म्हणजे ४ ओहम झाले. अंगणाच्या दोन्ही कडांना एकेक.

माईकच्या बारीक सिग्नलसाठी पुढे एक ट्रान्झिस्टर लागतो. आपण बीसी ५४७ घेतला. आता बघा, बीसी ५४७ विकत घेतला तर त्याची वाढवण्याची क्षमता, म्हणजे गेन, एका नगात ११० आणि दुसऱ्यात ८०० सुद्धा असू शकते. त्याच्या ए, बी, सी अशा प्रती असतात. काही सर्किटं विशिष्ट गेनचा नग मिळाला तरच चालतात. अशी सर्किटं घेऊ नका. ज्यात एमिटरला रेझिस्टर असतो, बेसला दोन रेझिस्टर वाटून व्होल्टेज देतात, ते सर्किट घ्या. त्यात कोणताही नग बसवला तरी काम जवळपास तेच होतं. एकाच हुशार बाईवर चालणारा गट ती सासरी गेली की बंद पडतो, हे आपण पाहिलंय. सर्किटाचंही तसंच आहे.

पायांची दिशाही बघा. बीसी ५४७ ची चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला अगदी तसाच २एन ३९०४ असतो, त्याचा क्रम उलटा : एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानदार "चालतंय तेच" म्हणून देतो. चालतंही, पण पाय फिरवून.

आता कपॅसिटर. स्पीकरच्या वाटेवर पुस्तकात १००० मायक्रोफॅरडचा दाखवलाय. आपण २२० चा बसवला. कारण सांगते. १,५९,००० ला ओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकारानं भागलं की किती कंपनांखालचा आवाज गळायला लागतो ते कळतं. ४ ओहम आणि १००० ला हे उत्तर ४० येतं. ते गाण्याच्या ढोलासाठी. ४ आणि २२० ला येतं साधारण १८०. टेलिफोनवर बोलणं कळतं ते ३०० पासून पुढच्या कंपनांवर. मग आपल्याला २२० पुरतो, स्वस्त पडतो, आणि भोंग्याला न पेलणारी घरघरही आत जात नाही. बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते, म्हणून कपॅसिटर १६ चा न घेता २५ व्होल्टचा घेतला. त्याच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो, डब्याच्या आत आणखी. दर दहा अंश उष्णता वाढली की असल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून १०५ चा.

रेझिस्टर पाव वॅटचे. रंगाचे पट्टे उजेडात वाचायचे. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा हजार. लाल-हिरवा न ओळखता येणं पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. तेव्हा हे काम आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणालं, तर एवढं सांगून ठेवा!

आयसीला ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच, तो गरम होतो. बॅटरीच्या अगदी जवळ २ अँपिअरचा फ्यूज हवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून बॅटरी निरुपद्रवी ठरत नाही. तारा एकमेकींना टेकल्या तर आग लागते. आणि घरातल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही. चार्जर बीआयएसचा शिक्का असलेला तयार आणायचा.

माहितीपत्रक कसं वाचायचं? टीडीए २००३ च्या पत्रकात ४०, २८ आणि १८ व्होल्ट असे तीन आकडे आहेत. ४० म्हणजे क्षणाचा झटका सोसण्याची मर्यादा, २८ म्हणजे नुसता जोडून ठेवला तरची, आणि १८ म्हणजे काम करतानाची. मोठा आकडा सांगून विकणारे खूप. आपण काम करतानाचा आकडा बघायचा आणि त्याच्याही खाली राहायचं. कुणी किती सोसू शकतं यावरून तिच्यावर रोज किती लादायचं हे ठरत नसतं. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

खरेदीचं म्हणाल तर पार्ट पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत मिळतात. आपल्याला हैदराबादचा रस्ता सोयीचा. एका दुकानात मला ऐकवलं, "ताई, घरातल्या माणसाला पाठवा, तुम्हाला नाही समजायचं." मी यादी पुढे केली : नाव, किंमत, व्होल्ट, वॅट, अंश, नग. यादीत "किंवा" असा रकाना ठेवा. हा नसेल तर कोणता चालेल, हे घरूनच ठरवून निघायचं. काउंटरवर दुसऱ्यानं ठरवायला नको. प्रत्येक पार्टचे दोन नग जास्त घ्या आणि आयसी आधी सॉकेटवर तपासा. जुन्या आयसीवर नवं नाव छापून विकणारे असतात.

आता बाजारात तयार मॉड्यूल येतात. स्वस्त, कमी बॅटरी खाणारी. गरज भागत असेल तर ती जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण त्यावरचे पार्ट तांदळाच्या कणीएवढे. बिघडलं तर फेकायचं. आपला डबा उघडता येतो, आतला प्रत्येक पार्ट का बसवलाय हे वहीत आहे, आणि ती वही गटाची आहे. डबाही गटाचाच. तो कुणाच्या घरी राहील ते दर महिन्याला चिठ्ठीनं ठरेल, आणि "बायको देणार नाही" असं कुणा नवऱ्यानं परस्पर सांगायचं नाही.

पुढच्या बैठकीला घरातला बंद पडलेला रेडिओ आणा. विचारून आणा, नाही तर संध्याकाळी भांडण व्हायचं. प्रत्येकीनं त्यातला एक पार्ट उचलायचा, त्यावरचं वाचायचं आणि उभं राहून सांगायचं : हा इथे का असेल, आणि मी असते तर कोणता बसवला असता. उत्तर चुकलं तरी चालेल. पण माईकवर बोलायचं, आपल्या माईकवर.